पाण्यात राहिलेल्या माणसाचे वकील

मन्मथअप्पा वकिलांना कुठलीही बातमी सांगायची सोय नव्हती. ‘अप्पा, उद्या कोर्टाला सुट्टी आहे’ म्हटलं, की चष्मा कपाळावर ढकलून विचारायचे, ‘‘कोण म्हणालं?’’ शिपाई म्हणाला असं सांगितलं, की पुढचा प्रश्न, ‘‘त्याला कोण म्हणालं?’’ मग शिपायाला बोलावणं जायचं. शिपाई बेंच क्लार्ककडं बोट दाखवायचा, बेंच क्लार्क भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, आणि शेवटी निष्पन्न काय, तर उद्या रविवार. एकदा मी त्यांच्या घरी जेवायला होते. त्यांच्या बायकोनं, गुरुबाईंनी, आमटीत मीठ कमी पडलंय वाटतं असं म्हटलं, तर हे गृहस्थ हातातला घास हातातच धरून म्हणाले, ‘‘कोण म्हणालं?’’ गुरुबाईंनी मिठाची वाटी त्यांच्या ताटात उपडी केली आणि आत निघून गेल्या.

लातूर जिल्हा झाला त्या दिवसांतली ही गोष्ट. जिल्हा नवा, कोर्ट नवं, दारावरच्या पाट्या नव्या. जुना फक्त दुष्काळ. उस्मानाबादहून खटल्यांची कागदपत्रं पोत्यांत भरून आली होती आणि ती ठेवायला कपाटं नव्हती. खुर्च्याही नव्हत्या. त्यामुळं बरेच वकील आपापल्या पक्षकाराच्या पोत्यावरच बसायचे. अप्पांनी मात्र वडिलांच्या आडत दुकानातून एक लाकडी स्टूल आणलं होतं आणि ते कुणालाही बसायला द्यायचे नाहीत. मागितलं तर म्हणायचे, ‘‘माझ्या बापाचं हाय, सरकारचं न्हाई.’’

मी कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली टाईपरायटर घेऊन बसायचे. माहेर देगलूरचं, नवरा रेल्वेत मालधक्क्यावर कारकून. बाईमाणूस उघड्यावर बसून टायपिंग करतंय याचं पहिले काही महिने सगळ्यांना फार नवल वाटलं, नंतर सवय झाली. अप्पांना पहिल्या दिवशीही वाटलं नाही. आले, समोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘अक्का, तुमचा ‘क्ष’ मोडका हाय. माझ्या पक्षकाराच्या नावात ‘क्ष’ येतो. काय करायचं?’’ मी म्हटलं, हातानं काढते. म्हणाले, ‘‘मग चालेल. हातानं काढलेला जास्ती खरा वाटतो.’’ माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, तरी मला अक्काच म्हणायचे. त्यांच्या घरात निम्मी कानडी चालायची. समोरचा वकील फार पाल्हाळ लावू लागला की ते मागून हळूच ‘‘साकु, साकु’’ म्हणायचे. साकु म्हणजे पुरे. पुढं पुढं आम्हा सगळ्यांच्याच तोंडी ते बसलं.

दिसायला बुटके, गोल, कोट एके काळी काळा असावा असा. सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे स्वच्छ ओढलेले असायचे, पण लातूरच्या उन्हात घामानं ते उतरत उतरत दुपारपर्यंत भुवयांत मुक्कामाला यायचे. उलटतपासाला उभे राहिले, की कुठल्या भुवईत किती विभूती आहे यावरून किती वाजले ते मला सांगता यायचं.

अप्पांकडं अक्कल होती, पण ती ते कागदावर खर्च करायचे नाहीत. कागद वाचून झाला की बाजूला सारायचे आणि म्हणायचे, ‘‘हे झालं कागदाचं म्हणणं. आता बघू या.’’ हे बघू या म्हणजे खरोखरच जाऊन बघणं. बांधाच्या भांडणात बांधावर, भिंतीच्या भांडणात भिंतीवर. देवणीकडच्या दोन शेतकऱ्यांचा एका बैलावरून दावा होता. दोघांकडं बाजाराच्या पावत्या, दोघांकडं साक्षीदार. अप्पांनी बैलच आवारात आणायला लावला. पांढरा, काळ्या ठिपक्यांचा, देखणा देवणी बैल. दोन्ही मालकांनी दोन टोकांना उभं राहायचं, हाका मारायच्या आणि बैल कुणाकडं जातो ते पाहायचं, असं ठरलं. सगळं कोर्ट बाहेर आलं. दोघं घसा कोरडा पडेपर्यंत ओरडले. बैलानं दोघांकडंही पाहिलं नाही. तो सरळ अप्पांकडं आला आणि त्यांच्या कोटाच्या खिशात तोंड घालून उभा राहिला. खिशात दुपारच्या चहासाठी ठेवलेला गुळाचा खडा होता. अप्पा जज्जसाहेबांना म्हणाले, ‘‘बैल माझ्याकडं आलाय, पण माझा दावा न्हाई, तेवढं लिहून घ्या.’’ तो दावा पुढं आपसांत मिटला, पण अप्पांनी त्यानंतर बरेच दिवस खिशात गूळ ठेवला नाही.

आता गंगारामची गोष्ट. अप्पा म्हटलं की मला तोच सगळ्यात आधी आठवतो.

शहराला पाणी देणारा तलाव नांदेड रस्त्याला होता. त्याच्या मध्यात सिमेंटची एक गोल विहीर पाण्यातून वर उभी होती, तिला सगळे जॅकवेल म्हणत. तिच्या तळाच्या तोंडातून शहराचं पाणी उपसलं जायचं. त्या उन्हाळ्यात तलाव एवढा आटला की ते तोंड गाळात गेलं. गाळ काढायचं काम एका गुत्तेदारानं, म्हणजे कंत्राटदारानं, घेतलं. त्यानं मुंबईहून पाठीवर बांधायच्या हवेच्या टाक्या आणल्या आणि टाकी बांधून पाण्यात उतरायला चार माणसं आणली. तिघं लांबच्या गावचे. चौथा गंगाराम भोई, नांदेडचा. गोदावरीच्या घाटावर बुडालेलं माणूस असो की कुणाच्या बोटातली अंगठी, वर काढणार तोच. चाळिशीचा, काळाभोर, आणि पाण्याबाहेर असताना जरा अवघडल्यासारखा दिसणारा माणूस.

एके दिवशी चारच्या पुढं धुळीचा वारा सुटला. होडीवाल्यानं घाई केली. तिघं वर आले, होडीत चढले आणि दमून आडवे झाले. होडी काठाला लागली. गंगाराम अजून खाली होता.

गंगारामनं पुढं अप्पांना सांगितलं ते मी तिथंच बसून ऐकलं. ‘‘म्या वर आलो तर होडीच न्हाई. लई हाका मारल्या. वाऱ्यात कोन ऐकतंय. टाकी सोडून दिली असती तर पवत काठाला गेलो असतो. पर टाकी गुत्तेदाराची. जपून ठेव म्हनले हुते. मंग जॅकवेलची शिडी धरून वर चढलो अन् बसून राहिलो.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशी पाण्यावर आणणाऱ्या एका बाईनं त्याला पाहिलं आणि ओरडा केला. एवढ्यावर हे थांबायला हवं होतं. पण माणूस पाण्यात सोडून आलो हे कबूल केलं तर आपल्यावर येणार, हे गुत्तेदाराला लगेच कळलं. त्याच्या हातात हजेरीचं मस्टर होतं. मस्टरवर प्रत्येक माणसाचे रोज दोन अंगठे असत, एक कामावर आल्याचा, एक गेल्याचा. त्या दिवशी गंगारामचे दोन्ही अंगठे होते. म्हणजे कागदाप्रमाणं गंगाराम संध्याकाळी साडेपाचला काठावर परत आलेला होता. मग सकाळी तो टाकीसकट जॅकवेलवर काय करत होता? गुत्तेदारानं फिर्याद दिली की हा मागाहून टाकी घेऊन परत गेला, पंपाचं पितळी सामान चोरायला. होडीवाल्यानं साक्ष दिली, चौघांना आणलं. बाकीचे तिघं गावी निघून गेले होते. जीव मुठीत धरून शिडीला चिकटलेला माणूस दुपारपर्यंत चोर झाला.

जामीन झाल्यावर तो अप्पांकडं आला. वकीलपत्रावर त्याचा अंगठा घ्यायचा होता आणि शाईचं पॅड माझ्याकडं असायचं. मी कागद पुढं केला. गंगारामनं अंगठा धोतराला पुसला, ठसा उमटवला, आणि लगेच दुसऱ्यांदा पॅडवर टेकवून म्हणाला, ‘‘सांजचा बी आत्ताच घ्या की बाई.’’

मला हसू आलं. मी म्हटलं, हे मस्टर नव्हे बाबा, इथं एकच लागतो. अप्पा मात्र हसले नाहीत. चष्मा कपाळावर गेला. ‘‘सांजचा सकाळीच घ्यायचा, हे कोण म्हणालं?’’

‘‘तसंच असतंय, साहेब. सांजच्याला आमचे हात ओले. बोटांना पार चुन्या पडत्यात. ठसा नीट उठत न्हाई, मस्टर खराब व्हतंय. म्हून कारकून दोन्ही सकाळीच घेतोय. समद्यांचे.’’

अप्पांनी त्याचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मला म्हणाले, ‘‘अक्का, हा माणूस आत गेला, तर उद्यापासून पाण्यात राहिलेला हरेक माणूस चोर. कागद सकाळीच तयार असतो.’’ त्यांचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यात गुरुबाई माझ्याकडं तक्रार घेऊन आल्या. टँकर तीन दिवसांआड यायचा, घराला सहा घागरी. त्यातलं बादलीभर पाणी घेऊन अप्पा रोज अंगणात बसत आणि उजवा हात त्यात बुडवून अर्धा अर्धा तास खटल्याचे कागद वाचत. ‘‘लग्नाच्या पत्रिकांवर मागून अंगठे उठवून राहिलेत,’’ गुरुबाई म्हणाल्या. ‘‘कोरडा, ओला, अर्धा ओला. सोनाराकडून भिंग आणलंय. आता मलाच सांगा, ह्या माणसाला हसावं का रडावं?’’ मी म्हटलं, हसा. त्या खरंच हसल्या, आणि जाताना म्हणाल्या की पाणी मात्र त्या वाया घालवू देत नाहीत, नंतर त्यातच भांडी घासतात.

पेशीच्या दिवशी अप्पा सायकलरिक्षातून आले. पायांत बादली, बादलीवर ओलं फडकं, आणि दोन्ही हातांनी ती धरलेली. त्या काळात भर रस्त्यानं उघडं पाणी नेणं म्हणजे मिरवणूकच होती. कोर्टाच्या फाटकापर्यंत पाचपन्नास माणसं मागं आली. शिपायानं अडवलं, ‘‘अप्पा, आत पाणी?’’ अप्पा म्हणाले, ‘‘पुरावा हाय. प्यायचा न्हाई.’’

मॅजिस्ट्रेटसाहेब पुण्याकडून बदलून आलेले, तरुण, शांत. आधी मस्टर कारकुनाची साक्ष झाली. किरकोळ अंगाचा माणूस, इस्त्रीचा सदरा, कपाळावर घाम. अप्पांनी त्याला फार गोडीनं विचारलं. त्या दिवशी गंगाराम किती वेळ पाण्यात होता? अकरा ते साडेपाच, अधूनमधून वर येऊन. होडीतून उतरल्यावर अंगठा किती वेळानं दिला? लगेच. हात वाळले होते? नाही, फडक्याला पुसले फक्त. नक्की? नक्की.

‘‘बरं,’’ अप्पा म्हणाले. ‘‘साहेब, साडेसहा तास न्हाई, अर्धाच तास द्या. ह्या माणसाला हात ह्या बादलीत बुडवून बसू द्या. मग त्याचा अंगठा घ्या अन् मस्टरवरच्या अंगठ्याशेजारी ठेवा.’’

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. साहेबांनी बादलीकडं पाहिलं, गंगारामकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बसू द्या. तोवर पुढचं काम घेऊ.’’

गंगाराम आरोपीच्या कठड्याशी उकिडवा बसला, हात बादलीत. कितीतरी दिवसांनी पाण्यात हात गेला म्हणून की काय, त्याचा चेहरा एकदम सैल झाला. दरम्यान एक तारीख पडली, एक जामीन झाला. एका पोटगीच्या दाव्यात नवरा साक्ष देत होता, त्याची नजर काही बादलीवरून हलेना. साहेबांनी त्याला दोनदा पुन्हा शपथेवर आणलं. खिडकीतून एक चिमणी आली, बादलीच्या काठावर बसली आणि पाणी प्याली. शिपाई हाकलायला उठला तर साहेबांनी त्याला हातानं बसवलं. मी दारात उभी होते. झाडाखाली माझी टायपिंगची माणसं खोळंबली होती, पण त्या अर्ध्या तासात तिथून हलणं मला शक्य नव्हतं.

अर्ध्या तासानं गंगारामनं हात काढला, पुसला, अंगठा दिला. साहेबांनी भिंग लावलं. मस्टरवरचा सकाळचा ठसा स्वच्छ, रेघ न् रेघ वेगळी. संध्याकाळचाही तस्साच, त्याच शाईचा, दोन्हींच्या कडेला पॅडचा एकच फराटा. आणि आताचा ठसा म्हणजे भेगाळलेली जमीन, मधे मधे पांढऱ्या चिरा. साहेबांनी तिन्ही पुन्हा पुन्हा पाहिले. मग कागद कारकुनापुढं सरकवला.

कारकुनानं पाहिलं आणि तो रडायलाच लागला. ‘‘साहेब, मस्टर ओलं झालं की मला बोलणी खावी लागतात. म्हणून दोन्ही अंगठे सकाळीच घेतो. गेल्याची वेळ मागाहून टाकतो. त्या दिवशी पण टाकली. माणूस मोजला न्हाई.’’

मला वाटलं, आता अप्पा त्याला सोलून काढणार. त्यांनी त्याला पाण्याचा ग्लास द्यायला लावला, तो पिऊन होईपर्यंत थांबले, आणि मग त्यांचा तो नेहमीचा प्रश्न अगदी सावकाश विचारला, ‘‘सकाळीच घे, असं तुला कोण म्हणालं?’’

कारकून मागच्या बाकाकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘गुत्तेदारसाहेब.’’

गंगाराम सुटला. सगळे उठले तेव्हा शिपायानं साहेबांना विचारलं की ह्या मुद्देमालाचं काय करायचं. बादली अजून जवळजवळ भरलेली होती. साहेब काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, ‘‘हजर केलेला माल मालकाला परत मिळतो, साहेब. घरी भांडी पडलीत.’’ आणि बादली घेऊन गेले.

दुसरा कुणी असता तर इथं पेढे वाटून मोकळा झाला असता. अप्पांनी दुसऱ्या दिवशी मला नवी फिर्याद टाईप करायला दिली, गुत्तेदारावर, माणसाचा जीव धोक्यात घातल्याची. मी म्हटलं, अप्पा, सुटला ना तो, आता खामखा कशाला? म्हणाले, ‘‘तो चोर न्हाई एवढंच ठरलं, अक्का. त्याला तिथं सोडलं कुणी, हे कुठं ठरलं?’’

ते ठरवायला वर्ष गेलं. गुत्तेदार म्हणायचा, माणसं आणणं होडीवाल्याचं काम. होडीवाला म्हणायचा, मी होडी चालवतो, माणसं मोजणं कारकुनाचं काम. कारकून म्हणायचा, मी काठावर, मला पाण्यातलं काय दिसतंय. शेवटी गुत्तेदाराच्या वकिलानं एक इंग्रजी कागद काढला. त्यावर गंगारामचा अंगठा होता आणि मजकूर असा की हे काम धोक्याचं आहे हे मला माहीत आहे, मी माझ्या मर्जीनं पाण्यात उतरतो आहे. अप्पा उठले, त्या वेळी विभूती डाव्या भुवईत होती, म्हणजे दोन वाजून गेले असावेत. म्हणाले, ‘‘खाली जायला हा राजी होता, साहेब. कागद खरा हाय. पण खाली राहायला राजी होता, असं ह्यात कुठं लिहिलंय? ज्यानं उतरवलं त्यानंच वर घ्यायचं. मधे शंभर नोकर ठेवा, शंभर मस्टरं ठेवा, ते काम त्याच्याच गळ्यात.’’

साहेबांनी निकालात जवळपास हेच लिहिलं. गुत्तेदार दोषी ठरला. शिक्षा बेताची होती, पण त्याचं काम गेलं, आणि पुढं सरकारी खात्यानं हुकूम काढला की पाण्यात माणूस उतरवायचा असेल तर रोज काठावर एका माणसानं सही करायची, की उतरलेला प्रत्येक जण वर येईपर्यंत मी जबाबदार.

आणि इथंच सगळं अडलं. पुढच्या उन्हाळ्यात तलाव पुन्हा आटला, जॅकवेलचं तोंड पुन्हा गाळात गेलं. नवा गुत्तेदार आला, टाक्या आल्या, गंगारामही नांदेडहून आला, पण सही करायला माणूस मिळेना. गुत्तेदार नाही, इंजिनीअर नाही, होडीवाला तर गावच सोडून गेला. अप्पांनी खटला जिंकून सगळ्यांच्या मनात अशी काही धास्ती घातली होती, की त्या कागदाजवळ कुणी उभं राहायला तयार नव्हतं. तीन आठवडे काम बंद आणि नळ कोरडे. रस्त्यात लोक अप्पांना घागरी दाखवायला लागले. बाररूममध्ये कुणीतरी बोललं, ‘‘अप्पा, तुमच्यामुळं लातूर तहानलंय.’’ मी वाट पाहिली की आता विचारतील, कोण म्हणालं? नाही विचारलं. स्टुलावर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्या टेबलाशी होते, तिथं गंगाराम येऊन उभा राहिला. ‘‘अप्पा, काम न्हाई तर आमी खावं काय? म्या उतरतो बिगरसहीचा.’’

अप्पा म्हणाले, ‘‘मग मी वर्षभर घसा कशाला कोरडा केला?’’ आणि मला म्हणाले, ‘‘अक्का, एक कागद घाला मशिनीत.’’

मी घातला. त्यांनी मजकूर सांगितला, चार ओळींचा. नावाच्या जागी आल्यावर मी थांबले. म्हणाले, ‘‘लिहा. मन्मथ. वकील. राहणार लातूर.’’ मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ते म्हणाले, ‘‘बघता काय? पोहता येत न्हाई मला, मोजता येतंय.’’ गुरुबाईंना हे मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याबरोबर ज्वारीच्या लाह्यांचा डबा आणि एक छत्री पाठवायला सुरुवात केली.

पंधरा-वीस दिवस अप्पा कोर्टात फक्त सकाळची कामं उरकायचे आणि अकराच्या बसनं तलावावर जायचे. ते पोचल्याशिवाय पाण्यात कुणी उतरायचं नाही. त्यांच्या तारखा पुढं पडल्या. काही पक्षकार चिडले, काही तलावावरच जाऊन त्यांना भेटू लागले. काठावर उलट्या पिंपावर बसून त्यांनी दोन वाटण्या उरकल्या आणि एक लग्न मोडताना वाचवलं, असं म्हणतात. मी मात्र ते पाहिलेलं नाही. शहराला पाणी सुरू झालं. घागरी दाखवणारे लोक आता अप्पांना रिक्षात बसवून घेऊ लागले.

त्याच सुमारास माझ्या नवऱ्याची नांदेडला बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. शेवटच्या दिवशी मी कोर्टात सगळ्यांचा निरोप घेतला, फक्त अप्पा राहिले, कारण अप्पा तलावावर. मी दुपारची नांदेडची बस पकडली. तलाव जवळ आला तसं कंडक्टरला म्हटलं, दोन मिनिटं थांबवाल का. तो म्हणाला, कशासाठी? मी म्हटलं, अप्पा वकिलांना भेटायचंय. त्यानं लगेच घंटी ओढली.

मी उतरून तरातरा काठावर गेले. अप्पा पिंपावरून उठून अगदी पाण्याच्या कडेला उभे होते, चपला चिखलात, छत्री मिटून काखेत. नवी होडी जॅकवेलपाशी उभी होती आणि तिच्यात तीन माणसं बसलेली दिसत होती. मी म्हटलं, ‘‘अप्पा, मी निघाले. आता नांदेडलाच.’’

त्यांनी मागं पाहिलं नाही. मला क्षणभर रागच आला. दोन-तीन वर्षं या माणसाचं एकेक अक्षर मी टाईप केलं, मोडक्या ‘क्ष’सकट, आणि साधं तोंडसुद्धा वळवायचं नाही? मी जरा मोठ्यानं म्हटलं, ‘‘अप्पा, येते मी.’’

‘‘या अक्का, सुखानं या,’’ पाण्याकडं बघतच ते म्हणाले. ‘‘एक जण आत हाय अजून. नजर काढता येत न्हाई.’’

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. पाणी तपकिरी, सपाट, त्यावर काहीच दिसत नव्हतं. मागं बसचा हॉर्न वाजला. मला तिथंच थांबावंसं वाटत होतं, पण गाडीतली माणसं उन्हात तापत होती. वाकून नमस्कार केला. नमस्कार केला हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी हात मागं करून माझ्या डोक्यावर ठेवल्यासारखा केला, तो जरा बाजूला, माझ्या खांद्यावर पडला.

बसमध्ये चढले तर सगळी गाडी त्या बाजूच्या खिडक्यांना लागली होती. कंडक्टरनं विचारलं, काय बघून राहिलेत अप्पा? मी सांगितलं, एक माणूस अजून पाण्यात आहे. ड्रायव्हरनं सुरू केलेलं इंजिन बंद केलं. बऱ्याच वेळानं जॅकवेलच्या शिडीजवळ एक काळं डोकं वर आलं, आणि एक हात, आणि होडीतल्या तिघांनी त्याला वर ओढलं. गाडीत कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला.

पुढं चार-पाच वर्षांनी अप्पा गेल्याचं मला नांदेडला पत्रानं कळलं. लातूरला जाणं मधे काही झालं नाही, त्यामुळं त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. बस सुटली तेव्हा मला वाटलं, आता तरी वळतील. पण ते तसेच उभे राहून बोटानं होडीतली माणसं मोजत होते, एक, दोन, तीन, चार, आणि झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. वळण येईपर्यंत मला त्यांची पाठच दिसत होती, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.